मागच्या दांडीवरचा कोट

आईच्या दुकानात एक रीत होती. कपडा ज्याच्या हातून घेतला, त्याच्याच हातात परत द्यायचा. उसवलेलं शिवणं, ढगळ झालेलं आत घेणं, आखूड झालेलं सोडणं, विरलेलं अस्तर बदलणं हा तिचा धंदा. नवे कपडे ती शिवतच नसे. "नवं शिवणारे पैशाला पासरी मिळतात," ती म्हणायची, "जुनं सांभाळायला मात्र हात लागतो." दुरुस्त झालेला कपडा न्यायला कुणी आलंच नाही, तर तो मागच्या दांडीवर जाई आणि तिथेच राही. विकायचा नाही, दान करायचा नाही, अमक्याचा भाऊ आहे की तमक्याची मेहुणी आहे म्हणून कुणाच्या हवाली करायचा नाही. त्या दांडीला मधोमध बाक आला होता, पण आई ऐकेल तर शपथ.

दांडीच्या अगदी टोकाला धाकट्याचा कोट होता.

धाकट्याला जहाजावर काम मिळालं, तेव्हा त्याने तो कोट आईपुढे टाकला होता. "आत गरम अस्तर लाव गं, तिकडे वारा हाडात शिरतो म्हणतात." आईच्या हातात तेव्हा गिऱ्हाइकांची कामं होती, आणि घरच्यांचं काम कुठल्याही घरात सगळ्यात शेवटीच होतं. अस्तर राहिलं. पोरगा पातळ जाकीट घालून हसत गेला, म्हणाला, "परत आल्यावर घालीन." ते जहाज पुढच्या बंदराला लागलंच नाही. माणसं मिळाली नाहीत, साधं फळकूटसुद्धा मिळालं नाही. मग आईने अस्तर लावलं. इतक्या बारीक टाक्यांचं काम तिने जन्मात कधी केलं नव्हतं. कोट दांडीवर टांगला, आणि तेव्हापासून थंडीच्या दिवसांत दुकानाचं दार उघडताना ती हमखास पुटपुटायची, "गारठला असेल गं तो."

थोरली लेक हे ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिलाही दुसरं काही सुचत नसे.

थोरलीने बरीच वर्षं मोठ्या कंपनीत काढली होती. लोकांच्या कामाच्या वाटा आखून देणं हे तिचं काम. संगणकावर एक बोर्ड मांडायचा, त्यावर रकाने पाडायचे, प्रत्येक कामाचं एक कार्ड करायचं. कार्ड या रकान्यातून त्या रकान्यात गेलं की पुढची गोष्ट आपोआप झाली पाहिजे, असे नियम लावायचे. यासाठी प्रोग्रॅमिंगचा 'प' यावा लागत नाही. नुसतं 'असं झालं की तसं कर' एवढं निवडत जायचं. तिला त्यात गती होती आणि तिला त्याचा गर्वही होता. आईची नजर मंदावली म्हणून ती नोकरी सोडून परत आली आणि आल्या आल्या तिने दुकानाकडे असं बघितलं, जसं नवी सून सासरच्या स्वयंपाकघराकडे बघते.

"आई, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. उद्या तुला ताप आला तर?"

"ताप आला तर दुकान बंद. लोकांना कळतं."

"लोक दुसरीकडे जातात."

"जाऊ देत. उसवलं की परत येतील."

पण थोरली कसली ऐकते. तिने बोर्ड मांडला. आलं, माप, शिवण, इस्त्री, तयार, दिलं. कार्ड 'तयार'मध्ये सरकलं की गिऱ्हाइकाच्या फोनवर निरोप जाणार: तुमचा कपडा तयार आहे, घेऊन जा. बरेच दिवस कुणी आलं नाही तर आठवण जाणार. आणि 'दिलं'मध्ये गेलं की कार्ड पुसलं जाणार. त्या माणसाचं दुसरं काही काम बाकी नसेल तर त्याचं नाव, नंबर, मापं, सगळंच पुसलं जाणार. हा शेवटचा नियम तिच्या खास आवडीचा. कंपनीत तिचे साहेब म्हणायचे, जे संपलं ते डोळ्यांपुढे नको, आणि हे वाक्य तिने मनात पक्कं बसवून घेतलं होतं. काही पुसलं गेलं की नियम करणाऱ्याला तसं कळवायची त्या साधनाची पद्धत होती. म्हणजे ती एक ओळ तेवढी थोरलीच्या फोनवर यायची.

आईचं घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. काउंटरवरच्या टॅबलेटकडे बघून ती म्हणाली, "हे काय, मुंग्यांची रांग? सगळं एकावर एक. माझे डोळे फिरतात."

तेव्हा थोरलीने मांडणी बदलली. बारीक रकाने आईच्या पडद्यावरून काढून टाकले. एका वेळी एकच कार्ड, त्यावर कपड्याचा मोठा फोटो, खाली दोन जाडजूड बटणं: हिरवं 'तयार', निळं 'दिलं'. नवा कपडा आला की नुसता फोटो काढायचा आणि नाव बोलायचं, कार्ड आपोआप होणार. नंबर आईच्या फोनमधल्या जुन्या यादीतून आपोआप येणार. 'दिलं' दाबल्यावर 'नक्की?' असा प्रश्न यायचा, त्यावर आई भडकली. "मी दिलं म्हटलं म्हणजे दिलं. हे मला उलट विचारणारं कोण?" थोरली हसली आणि तो प्रश्नही काढून टाकला. मांडणी इतकी सुटसुटीत झाली की आई गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायला लागली.

मग थोरलीची नजर मागच्या दांडीकडे वळली. तिने एकेका कपड्याचा फोटो काढला, आईच्या आठवणीतून नाव घातलं, कार्ड 'तयार'मध्ये टाकलं. लोक येऊन आपापलं घेऊन जातील, दांडी मोकळी होईल, एवढाच तिचा हिशेब. ती कोटापाशी पोचली तेव्हा आईने शिवणयंत्र थांबवलं.

"त्याला हात नाही लावायचा."

थोरलीने लावला नाही.

दुपारी जेवणानंतर रस्ता सामसूम होतो, तेव्हा पहिला माणूस आला. आई दोरा आणायला गेली होती. दाराला घंटी होती, ती वाजली नाही, पण थोरलीने मान वर केली तर काउंटरपलीकडे एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. तोंडातून अवाक्षर नाही. बोट दांडीवरच्या राखाडी जाकिटाकडे. थोरलीने जाकीट दिलं, त्यांनी ते अंगात घातलं आणि तसेच उभे राहिले. जागचे हलेनात. पावती वगैरे हवी असेल, असं तिला वाटलं. तिने निळं बटण दाबलं. गृहस्थांनी एक सुस्कारा सोडला, फार दिवस बूट चावत असावा आणि तो काढायला मिळावा, तसा. आणि ते दाराकडे वळले. दार उघडलेलं मात्र तिला दिसलं नाही. फोनवर ओळ आली: गाण्याचे सर, राखाडी जाकीट, नोंद पुसली.

थोरलीने ती ओळ पुन्हा वाचली. कारण गाण्याच्या सरांची बायको दर आठवड्याला दुकानात यायची. जाकिटाच्या बाहीवरून हात फिरवायची, जरा वेळ स्टुलावर बसायची आणि जायची. सर जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्यांचा फोन त्यांच्याबरोबरच पुरला होता, हेसुद्धा बाईंनीच सांगितलं होतं.

आई आली. थोरलीने घाबरत घाबरत विचारलं, "आई, गाण्याचे सर... ते जाकीट..."

"कुठले गाण्याचे सर?"

"अगं, बाईंचे यजमान. पलीकडच्या गल्लीतले."

"त्या बाईंचे? त्यांनी लग्न कुठे केलंय? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आई दोऱ्याचं रीळ उजेडात धरून रंग बघत राहिली.

दोन दिवसांनी बाई दुकानावरून चालल्या होत्या, आत आल्या नाहीत. थोरलीनेच त्यांना गाठलं. काय विचारावं ते कळेना, म्हणून सरळ विचारलं. बाई खळखळून हसल्या. "नवरा? मला? थट्टा करतेस होय गं म्हातारीची!" चेहरा टवटवीत होता, इतक्या दिवसांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. आणि जाता जाता त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

"छान आहे चाल," थोरली म्हणाली.

"हो ना? कुठे शिकले कुणास ठाऊक. सारखी तोंडात येते."

थोरली घरी आली आणि तिने हात धुतले. का धुतले ते तिलाही सांगता आलं नसतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच, पण हे भलतं किती मोठं आहे ते आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरत होतं. निरोप जातो आणि मेलेली माणसंही येतात. कपडा अंगात घालतात. निळं बटण दाबलं की जातात, आणि जाताना प्रत्येकाच्या मनातून जातात. फक्त तिला पुसल्याचं कळतं, म्हणून फक्त तिच्या ध्यानात राहतं. सरांसारखे आणखी किती जण तिच्या पाठीमागे, आईच्या हातून, असे गेले असतील? तिने फोनवरच्या ओळी वर सरकवून पाहिल्या आणि मध्येच थांबली. तिला मोजायचं नव्हतं.

तिने आठवण पाठवण्याचा नियम बंद केला. पुसण्याचा नियमही बंद केला. दांडीवरची सगळी कार्डं बोर्डावरून काढली. आणि मग, गप्प राहायला हवं होतं तिथे, तिने आईला सगळं सांगितलं. एकटीने पोटात ठेवण्यासारखं ते नव्हतंच.

आईने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, खुळी म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे निरोप पोचतो त्यांना?"

"आई, तू फक्त तेवढंच ऐकलंस."

"मी सगळं ऐकलं," आई म्हणाली आणि शिवणाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी थोरली बटणं आणायला गेली. यायला उशीर झाला. परत आली तर काउंटरवर टॅबलेट उजळलेला, त्यावर मोठ्ठा फोटो, निळ्या कोटाचा. खाली आईच्या तोंडून आलेलं नाव: धाकटा. आणि हिरवं बटण दाबलेलं. थोरलीने किती लाडाने ती मांडणी केली होती. फोटो काढा, नाव बोला, नंबर आपोआप येईल. आईला कुठेच अडखळायला झालं नव्हतं.

निरोपाखाली लिहिलं होतं: पोचला.

"आई, काय केलंस हे?"

"तुझा तो पुसायचा नियम बंद आहे ना?"

"आहे."

"मग काय होतंय? येईल, कोट घालेल. आपल्याला आठवण राहील. मी काय वाईट केलं?" आईने हे अगदी साळसूदपणे म्हटलं. खरं सांगायचं तर थोरलीचीही नजर सारखी दाराकडे जात होती, आणि ती काही नुसती भीती नव्हती. तिचा भाऊ होता तो. लहानपणी त्याला पाठुंगळीला घेऊन ती हीच गल्ली फिरली होती.

तो दुपारच्या त्याच सामसूम वेळी आला. घंटी वाजली नाही. पातळ जाकीट, केस कपाळाला चिकटलेले, बाह्यांतून पाणी ठिबकतंय. ओठ निळे. आई उठली ती शिवणयंत्राचं स्टूल पाडूनच. "आलास? आलास रे?" तिने कोट काढला, लेकराला शाळेत पाठवताना घालावा तसा एकेक हात बाहीत घालून त्याच्या अंगावर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. त्याचे हात आपल्या हातांत धरून चोळले. "बघ, अस्तर लावलंय. आधीच लावायला हवं होतं. तुझी आई मूर्ख रे." ती रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. धाकटा तिच्याकडे बघत होता. ओळख होती त्या नजरेत, पण शब्द नव्हता. थोरलीकडेही त्याने पाहिलं. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या गालाला हात लावला. गाल बर्फासारखा होता.

आईने हौसेने निळं बटण दाबलं. कार्ड 'दिलं'मध्ये गेलं. पुसलं गेलं नाही. धाकटा तिथेच उभा राहिला.

पहिल्या दिवशी आईला आनंदच झाला. उभा आहे ना? असू दे उभा! तिने त्याच्यापुढे ताट मांडलं, तो खाईना. खुर्ची दिली, बसेना. मग ती शिवत बसली आणि त्याच्याशी बोलत बसली, गल्लीत कोण गेलं, कोण आलं, कुणाच्या पोराने काय दिवे लावले. गिऱ्हाइकांना तो दिसत नसे. पण लोक आत येत, दंड चोळत, "इथे एवढं गार का हो?" म्हणत आणि कपडा टाकून घाईने निघून जात. त्याच्या पायाखालचं पाणी पुसलं तरी पुन्हा साचायचं. थोरली पुसत राहिली. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तिला त्या दिवसांत धड कळत नव्हतं. सकाळी उठून दुकानाकडे धावावं असं वाटे, आणि दाराशी आल्यावर ती उगाच किल्ली शोधत बसे.

कोटाने ऊब येत नव्हती. दिवसागणिक ओठ जास्त निळे झाले. आता तो थरथरायला लागला होता, दात वाजायचे, आणि त्या शांत दुकानात तो आवाज शिवणयंत्राच्या आवाजाला जोड द्यायचा. तो आईकडे बघायचा, मग दाराकडे बघायचा, मग पुन्हा आईकडे. काहीतरी मागावं आणि मागायला तोंड नसावं, तसं.

एका दुपारी आईने यंत्र थांबवलं. बराच वेळ त्या दातांचा आवाज ऐकत बसली.

"हा अडकलाय गं," ती म्हणाली. "बाकीचे गेले. यालाच आपण धरून ठेवलंय."

थोरलीने फडकं पिळलं.

"तो नियम परत चालू कर."

"नाही."

"कर म्हणते ना."

"आई, तू विसरशील त्याला. नुसतं तोंड नाही विसरणार. तो होता, हेच विसरशील. पोटात वाढवलंस तेसुद्धा. बाईंचं बघितलंस ना, त्या हसत होत्या आई, हसत होत्या!" थोरलीचा आवाज फाटला. "कोट त्याच्या अंगावर आहे. जाऊ दे ना असंच. काहीतरी दुसरा उपाय काढते मी, नियम बदलते, थोडा वेळ दे..."

"किती दिवस बदलतेयस?"

खरंच ती किती दिवस बदलत होती. आई झोपली की बसायची, नियमाच्या ओळी हलवायची. जायचं तेवढं जाऊ दे, आठवण ठेव, असा नियम तिने शंभर तऱ्हांनी लिहून पाहिला होता. धाकटा तसूभर हलला नव्हता.

आई उठली, पोराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. कोटाची कॉलर नीट केली. खांद्यावरचा न दिसणारा दोरा काढला. "मी याला गारठत पाठवलं होतं," ती म्हणाली, "आता गारठत उभा ठेवू? आई म्हणायचं का मला?" मग मागे न बघता विचारलं, "तुला आठवेल ना? तुझ्या त्या फोनात येतं म्हणालीस."

"येतं."

"सगळं आठवेल? तो गुळगुळीत डोक्याचा जन्मला होता ते? मांजराला घाबरायचा ते?"

"आठवेल, आई."

"मग तुझ्याकडे राहू दे. मला तेवढं पुरे." तिने धाकट्याचं डोकं खाली ओढलं, कपाळावर ओठ टेकले, आणि ओल्या केसांवर गाल ठेवून उभी राहिली. थोरली फोनवर बोट ठेवून वाट बघत होती. तिला वाटलं, आईने असंच उभं राहावं. पण आई काउंटरकडे आली. "हं," ती म्हणाली.

थोरलीने नियम चालू केला. आईने चष्मा पुसला, कार्ड 'दिलं'मधून मागे घेतलं, आणि निळं बटण स्वतः दाबलं. 'नक्की?' असं विचारणारं तिथे काहीच नव्हतं.

धाकट्याने श्वास सोडला. दात वाजायचे थांबले. त्याच्या ओठांवर रंग आला, अगदी पूर्वीचा, आणि त्याने कोटाच्या खिशात हात घातले, ऊब लागल्यावर माणूस घालतो तसे. दाराकडे निघाला. थोरलीला हाक मारायची होती, पण तिने ओठ दाबून धरले. दाराशी पोचेपर्यंत तो होता. मग रस्ता होता.

फोन थरथरला. तिने तो पालथा घातला.

आई काउंटरपाशी उभी होती, एक हात टॅबलेटवर. तिने इकडे तिकडे पाहिलं, आपण इथे कशाला उठून आलो ते आठवत नसल्यासारखं. मग तिची नजर फरशीवर गेली. "हे पाणी कुणी सांडलं बाई? पाय घसरेल कुणाचा." आणि मग तिने लेकीकडे पाहिलं.

"अगं, काय झालं? रडतेस कशाला? कुणी काही बोललं का?" ती लगबगीने आली, पदराने तिचे डोळे पुसले, तिचं डोकं छातीशी धरलं. आईचे हात उबदार होते. "नको गं रडू. मला एकच तर लेकरू आहे. तेच असं रडायला लागलं तर मी कुणाकडे बघू?"

थोरली तशीच राहिली, आईच्या कुशीत, किती वेळ कुणास ठाऊक. मग तिने फडकं घेतलं आणि खाली बसून ते पाणी पुसायला लागली.